जिमी हेन्ड्रिक्स: पेडल दुकानातलं, आवाज मात्र उघडून बनवलेला

आधी एक काम करा. मोबाईलवर 'पर्पल हेझ' लावा, इअरफोन घाला आणि मधला गिटार सोलो येईपर्यंत थांबा. तिथे गिटार एकटी वाजत नाही असं वाटतं. प्रत्येक सुराच्या मागे त्याचाच एक सप्तक वरचा सूर चिकटून येतो, थोडा चिरका, थोडा बासरीसारखा. हे रेकॉर्डिंग १९६७ सालचं आहे. तेव्हा कॉम्प्युटरवर इफेक्ट टाकायची सोय नव्हती, ॲप नव्हतं, प्लगइन नव्हतं. होता एक छोटा डबा, ज्यात मूठभर सुटे भाग होते. तो डबा बनवणारा तरुण दिवसा ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात नोकरी करायचा.

जिमी हेन्ड्रिक्सबद्दल नेटवर हजार ठिकाणी वाचायला मिळतं. गिटार जाळली, दातांनी वाजवली, २७ व्या वर्षी गेला. ते सगळं खरं आहे. पण त्याच्या पायाखालचे डबे कोणी उघडले, आत काय बदललं आणि त्यामुळे आवाज का बदलला, हे फार कमी ठिकाणी नीट सांगितलेलं असतं. आज तेच बघू.

झाडू, एक तार आणि पाच डॉलर

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातला. जन्माच्या वेळचं नाव जॉनी ॲलन. वडील अल तेव्हा सैन्यात होते. ते परत आल्यावर १९४६ मध्ये त्यांनी मुलाचं नाव बदलून जेम्स मार्शल हेन्ड्रिक्स केलं. हे 'मार्शल' लक्षात ठेवा, पुढे त्याची एक गंमत आहे.

घरची परिस्थिती हलाखीची. आई-वडिलांचं पटत नव्हतं, दोघं वेगळे झाले, भावंडं इकडेतिकडे गेली. शाळेत असताना जिमी झाडू हातात घेऊन गिटार वाजवल्याची नक्कल करत फिरायचा. ते इतकं रोजचं झालं की शाळेतल्या समाजसेविकेनं या मुलाला गिटार मिळावी म्हणून मदतनिधीकडे पत्र लिहिलं. मदत मिळाली नाही. मग वडिलांबरोबर एका घरातला कचरा उपसताना त्याला एक युकुलेली सापडली, तिला एकच तार. तो त्या एका तारेवर कानानं गाणी वाजवायला शिकला.

१९५८ च्या फेब्रुवारीत आई लुसिल गेली. त्याच वर्षी त्यानं पाच डॉलरला एक जुनी साधी गिटार घेतली. पुढच्या वर्षी वडिलांनी सुप्रो ओझार्क नावाची इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. ती त्यानं एका कार्यक्रमानंतर स्टेजमागे ठेवली आणि रात्रीत चोरीला गेली.

तो डावखुरा होता. डावऱ्यांसाठीच्या गिटारी तेव्हा सहज मिळत नसत, मिळाल्या तर महाग. म्हणून तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा उलट्या क्रमानं लावून वाजवायचा. हा नाइलाज होता, पण आवाजावर त्याचा परिणाम झाला. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या मागच्या बाजूचा पिकअप तिरका बसवलेला असतो, म्हणजे बारीक तारांचा आवाज धारदार येतो. गिटार उलटी केली की तो तिरकेपणाही उलटा होतो: जाड तारा जरा खणखणीत वाजतात आणि बारीक तारा जरा मऊ. म्हणजे पेडलपर्यंत सिग्नल पोहोचायच्या आधीच पहिला मॉड झालेला होता.

सैन्य आणि दुसऱ्यांच्या मागे उभं राहणं

चोरीच्या गाड्यांत दोनदा पकडला गेल्यावर त्याच्यासमोर तुरुंग किंवा सैन्य असे दोनच रस्ते उरले. १९६१ मध्ये तो सैन्यात गेला, पॅराशूटच्या तुकडीत. तिथेच बेसवादक बिली कॉक्स भेटला आणि ती मैत्री शेवटपर्यंत टिकली. सैनिक म्हणून वरिष्ठ त्याच्यावर खूश नव्हते, कारण डोक्यात चोवीस तास गिटार. १९६२ मध्ये सुटका झाली.

पुढची चार वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या मागे उभं राहून काढली. आयस्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड, कर्टिस नाइट. पैसे कमी, प्रवास जास्त. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे व्हॉ मध्ये तो स्वतःचा बँड घेऊन वाजवत होता, तिथे 'द ॲनिमल्स' बँडच्या चॅस चँडलरनं त्याला ऐकलं आणि इंग्लंडला यायला सांगितलं. २४ सप्टेंबर १९६६ ला जिमी लंडनला उतरला. नावाचं स्पेलिंग बदललं, ड्रमवर मिच मिचेल, बेसवर नोएल रेडिंग आणि बँडचं नाव 'द जिमी हेन्ड्रिक्स एक्सपिरियन्स'.

आता 'मार्शल'ची गंमत. मिच मिचेल हा ड्रम शिकवणाऱ्या जिम मार्शल यांचा विद्यार्थी, त्यांच्या दुकानात कामही केलेला. हेच ते मार्शल, ज्यांच्या नावाचे ॲम्प्लिफायर आजही जगभरच्या स्टेजवर दिसतात. त्यांचं पूर्ण नाव जेम्स चार्ल्स मार्शल आणि आपला हिरो जेम्स मार्शल हेन्ड्रिक्स. मिचनं दोघांची गाठ घालून दिली आणि १०० वॉटचे मार्शल जिमीच्या मागे भिंतीसारखे उभे राहिले.

आवाज फाटतो म्हणजे नक्की काय होतं?

पेडलकडे जायच्या आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

मोबाईलचा छोटा ब्लूटूथ स्पीकर फुल व्हॉल्यूमवर ठेवला की आपण म्हणतो, आवाज फाटला. का फाटतो? आवाजाची लाट वर जाते, खाली येते. ॲम्प्लिफायरला जेवढी वीज मिळते तेवढीच उंच लाट तो बनवू शकतो. त्यापेक्षा उंच लाट मागितली तर तिचा माथा छाटला जातो, गोल टेकडीच्या जागी सपाट पठार. याला क्लिपिंग म्हणतात. माथा छाटला की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर तयार होतात. तोच तो खरखरीत, भरलेला आवाज.

माथा हळुवारपणे गोलसर दाबला तर ओव्हरड्राइव्ह. कुऱ्हाडीनं तोडल्यासारखा चौकोनी केला तर फझ. मधला सगळा प्रदेश म्हणजे डिस्टॉर्शन. काटेकोर रेषा कुठेच नाही, कंपन्या डब्यावर वाटेल ते नाव छापतात.

फझचा जन्म बिघाडातून झाला. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं रेकॉर्डिंग नॅशव्हिलला चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बेस गिटारचा आवाज चिरफाळून आला. लोकांना तो आवडला. रेकॉर्डिंग इंजिनिअर ग्लेन स्नॉडीनं तोच बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सनं ते वापरलं आणि मग ते सगळ्यांनाच हवं झालं.

अकरा भागांचा चेहरा

जिमी लंडनला पोहोचला त्याच सुमारास आयव्हर आर्बिटर यांच्या कंपनीनं फझ फेस बाजारात आणलं. गोल, लोखंडी, थाळीएवढं. आकाराची कल्पना माईक स्टँडच्या गोल बुडावरून आलेली. वर दोन नॉब डोळ्यांसारखे, एकूण रूप हसऱ्या चेहऱ्याचं, म्हणून फझ 'फेस'. जिमीनं ते घेतलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

ते उघडलं तर तुम्हाला वाटेल फसवणूक झाली. एवढ्या मोठ्या डब्यात इवलासा बोर्ड. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब, झाले अकरा भाग. बाकी एक ९ व्होल्टची बॅटरी आणि पायानं दाबायचा खटका. तुमच्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, इथे दोन.

आणि गोची तिथेच होती. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असायचे. जर्मेनियमचा आवाज उबदार, पण स्वभाव लहरी. एकाच कारखान्यातून, एकाच पिशवीतून आलेल्या दोन ट्रान्झिस्टरचा गेन सारखा नसे. एक ७० पट वाढवणार, दुसरा १५० पट. कंपनीत जोडणाऱ्यांनी हाताला येतील ते दोन लावले की डबा तयार. त्यामुळे एक फझ फेस स्वर्गीय वाजायचं, शेजारचं मेलेल्या माशीसारखं भणभणायचं, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखी दिसायची.

त्यात तापमान. जर्मेनियममधून थोडी वीज नको असताना झिरपत राहते. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की ही गळती दुप्पट होते. दुपारी गार हॉलमध्ये तालमीला छान वाजलेलं पेडल रात्री दिव्यांच्या झोतात घुसमटल्यासारखं वाजायला लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात जर्मेनियम पेडल घेऊन गच्चीवर बसलात तर हा अनुभव फुकटात मिळेल.

आता कल्पना करा. लहानपणापासून हातात धड वाद्य न मिळालेला मुलगा, ज्याला शेवटी स्वतःचा आवाज सापडलाय. आणि तो आवाज अशा डब्यावर अवलंबून आहे, जो आज वाजला तसा उद्या वाजेल याची खात्री नाही. बिघडला तर दुसरा आणावा, पण दुसरा पहिल्यासारखा नसणार. त्यामुळे एकापेक्षा जास्त फझ फेस आणायची, वाजवून बघायची, बरी ती ठेवायची, असा उद्योग सुरू झाला.

रॉजर मेयर: दिवसा नौदल, रात्री फझ

जानेवारी १९६७. लंडनच्या बॅग ओ'नेल्स क्लबमध्ये जिमीचा कार्यक्रम ऐकायला रॉजर मेयर नावाचा तरुण आला. तो नौदलाच्या संशोधन विभागात आवाज आणि कंपनांच्या विश्लेषणाचं काम करायचा. पाणबुडी, जहाज, यंत्र यांचा आवाज मोजायचा, त्यातली कंपनं सुटी करायची, असला विषय. फावल्या वेळात गिटारवाल्या मित्रांसाठी फझचे डबे बनवायचा. जिमी पेज आणि जेफ बेक हे त्याचे आधीचे गिऱ्हाईक, दोघंही तेव्हा अजून जगप्रसिद्ध व्हायचे होते.

मेयरनं जिमीला एक नवा डबा दाखवला. हाच पुढे ऑक्टेव्हिया म्हणून ओळखला गेला. काही आठवड्यांतच, फेब्रुवारीत, ऑलिंपिक स्टुडिओत 'पर्पल हेझ' आणि 'फायर' या दोन्ही गाण्यांच्या सोलोसाठी तो वापरला गेला.

ऑक्टेव्हियाची युक्ती मोबाईलच्या चार्जरमध्येही असते. भिंतीतली वीज वर-खाली होणारी लाट असते. चार्जर तिचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणतो, त्याला रेक्टिफिकेशन म्हणतात. मेयरनं गिटारच्या लाटेचं तेच केलं. खालची टेकडी वर आली की जिथे एक वर-एक खाली होतं तिथे दोन्ही वर. म्हणजे एका सेकंदात दुप्पट टेकड्या. सेकंदाला ४४० कंपनांचा सूर दिला तर ८८० चा मिळणार. पेटीवर मध्य सप्तकातला सा दाबून तार सा ऐकू यावा तसं. बाराव्या पडद्याच्या वर, मानेकडच्या पिकअपवर हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं.

ऑक्टेव्हियाचं कौतुक सगळे करतात आणि ते योग्यच आहे. पण मला स्वतःला मेयरचं दुसरं काम मोठं वाटतं, ज्याचं पोस्टर होत नाही. त्यानं फझ फेस उघडली, ट्रान्झिस्टर मोजले, निवडले, जोड्या लावल्या, आजूबाजूचे रेझिस्टर आणि कपॅसिटर बदलले आणि जिमीला हवा तो आवाज पुन्हा पुन्हा मिळेल याची सोय केली. १९६८ मध्ये एक्सपिरियन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं तेव्हा मेयर सोबत होता. नौदलाची नोकरी मागे पडली.

मोजून, निवडून, बदलून म्हणजे काय, ते जरा उघडून बघू, कारण आजही पेडल मॉड करणारा प्रत्येक जण हेच करतो.

पहिलं, ट्रान्झिस्टर. फझ फेसमध्ये पहिल्याचा गेन कमी आणि दुसऱ्याचा जास्त असला की मजा येते. साधारण पहिला ७० ते ८०, दुसरा ११० ते १३०, हे आकडे आजचे कारागीर धरून चालतात. आज साधा मल्टीमीटर गेन मोजून दाखवतो, पण जर्मेनियमच्या बाबतीत तो झिरपणारी वीजही गेनमध्ये मिसळून सांगतो आणि आकडा फुगतो. त्यामुळे आधी गळती वेगळी मोजावी लागते.

दुसरं, बायस. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर बॅटरीच्या साधारण निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्टच्या आसपास मिळाले की लाटेचे दोन्ही माथे सारखे छाटले जातात आणि सूर लांबपर्यंत टिकतो. तिथे मूळ रेझिस्टर ८.२ किलोओहमचा. ट्रान्झिस्टर बदलला की तोही बदलावा लागतो. त्याच्या जागी पेचकसानं फिरवता येणारा छोटा रेझिस्टर बसवणं हा या पेडलचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात उपयोगी मॉड. व्होल्टेज फार घसरलं तर सूर तुटक तुटक, थुंकल्यासारखा येतो. काहींना तोही आवडतो.

तिसरं, आत येतानाचा कपॅसिटर, मूळ २.२ मायक्रोफॅरडचा. कपॅसिटर हा चाळणीसारखा. मोठा असला की खर्जाचे सूरही आत येतात, लहान केला की खर्ज बाहेर राहतो. मोठ्या मार्शलवर मूळ फझ फेस गढूळ, चिखलासारखं वाजतं. तो कपॅसिटर काढून ०.१ चा लावला की चिखल जातो आणि सोलो पुढे येतो. खर्च एका वडापावइतकाही नाही.

चौथी गोष्ट मॉड नाही, पण तिच्याशिवाय जिमी समजत नाही. फझ फेसचं आत येण्याचं दार फार रुंद आहे, ते गिटारच्या पिकअपमधून वीज ओढून घेतं. त्यामुळे गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब थोडा जरी कमी केला तरी फझ विरघळतो आणि काचेसारखा स्वच्छ आवाज येतो. जिमी पेडल चालू ठेवून करंगळीनं नॉब फिरवत एकाच गाण्यात कुजबुज आणि गर्जना दोन्ही काढायचा. हल्लीच्या बऱ्याच पेडलांमध्ये बफर असतो. तसं पेडल फझ फेसच्या आधी लावलं की ही सगळी जादू बंद पडते आणि लोक बिचारे फझ फेसलाच दोष देत बसतात.

एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझमध्ये बॅटरीची धन बाजू जमिनीला जोडलेली असते, बाकी पेडलांच्या उलट. एकाच अडॅप्टरवर सगळी पेडलं जोडलीत तर शॉर्ट होईल. त्याला बॅटरीच द्या.

आणि ओव्हरड्राइव्हचं काय? ती पेडलं जिमी गेल्यावर आली. आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर १९७९ च्या आसपासचं. त्यात माथे छाटायचं काम डायोड करतात, पण मॉड करताना विचार तोच. तिथे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी गेन देतात, म्हणून ते नाकातून गायल्यासारखं वाजतं. कपॅसिटर ०.१ चा केला की ही सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास उतरते आणि आवाजाला पोट येतं.

मॉन्टेरी, आणि त्याच दिवशीची सतार

१९६७ च्या मे महिन्यात 'आर यू एक्सपिरियन्स्ड' हा पहिला अल्बम इंग्लंडमध्ये आला. १८ जूनला कॅलिफोर्नियात मॉन्टेरी महोत्सवात जिमीनं अमेरिकेला पहिल्यांदा हादरा दिला आणि शेवटी गिटारवर पेट्रोलसारखं द्रव ओतून ती पेटवली.

त्याच दिवशी दुपारी त्याच महोत्सवात पंडित रविशंकर सतार वाजवून गेले होते. जिमीचं वाजवणं त्यांना भावलं, पण वाद्य जाळणं त्यांना अजिबात सहन झालं नाही. ज्या परंपरेत वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतात, तिथून आलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

गंमत अशी की ध्वनीच्या दृष्टीनं दोघांचं दुखणं सारखंच. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात ना, तेव्हा तार घोडीला हलकी घासते आणि एका सुरातून वरचे अनेक सूर उमलतात. मिरजेचे कारागीर घोडी कानसून कानसून हेच साधतात. घोडीचा उतार केसभर चुकला तर तानपुरा मुका होतो. मेयर सोल्डरिंग गननं जे करत होता ते या कामाच्या फार लांबचं नाही. दोघंही साध्या लाटेला अडथळा करतात, आणि किती अडथळा करायचा हे कान ठरवतो.

मॉन्टेरीनंतर सगळं फार वेगानं झालं. डिसेंबर १९६७ मध्ये दुसरा अल्बम 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह' आला. त्याच्या एका बाजूची तयार टेप जिमी टॅक्सीत विसरला आणि ती बाजू एका रात्रीत पुन्हा मिक्स करावी लागली. ऑक्टोबर १९६८ मध्ये 'इलेक्ट्रिक लेडीलँड'.

सिलिकॉन, वुडस्टॉक आणि वॉकीटॉकी

याच काळात फझ फेसमध्ये जर्मेनियमच्या जागी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. सिलिकॉनला उन्हाचा फारसा फरक पडत नाही, गेन भरपूर, आवाज जास्त धारदार. जिमीही सिलिकॉनकडे वळला. रोजच्या दौऱ्यात आज एक आणि उद्या एक वाजणारं पेडल परवडणारं नव्हतं. जर्मेनियमप्रेमी मंडळी आजही यावर भांडतात. माझं मत विचाराल तर, ज्याला रोज रात्री हजारो लोकांसमोर उभं राहायचंय त्यानं सिलिकॉन निवडलं यात काहीच चूक नाही.

१८ ऑगस्ट १९६९, सोमवार सकाळ, वुडस्टॉक. महोत्सव लांबल्यामुळे बरेच लोक घरी गेले होते. जिमीच्या पायाशी आधी वाह पेडल, मग फझ फेस, मग युनि-व्हाइब आणि मागे मार्शल. त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू केलं आणि त्याच्या मधोमध बॉम्ब पडल्यासारखे, विमान कोसळल्यासारखे आवाज काढले. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. एक शब्द न उच्चारता तो काय वाजवतोय हे समोरच्यांना कळत होतं. फझनं वाढवलेला सूर स्पीकरमधून परत गिटारच्या तारांना हलवतो, त्या पुन्हा वाजतात, म्हणजे फीडबॅक. एरवी साउंडवाला ज्याच्या मागे धावतो तो फीडबॅक जिमीनं उभं राहायची जागा बदलून, तारा दाबून, लगाम धरल्यासारखा हाताळला.

सिलिकॉनची किंमतही होती. गेन इतका जास्त की सर्किट आणि लांब केबल मिळून अँटेनासारखं वागतात आणि हवेतले रेडिओ सिग्नल पकडतात. ३१ ऑगस्ट १९७० च्या पहाटे इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर 'मशीन गन' चालू असताना जिमीच्या स्पीकरमधून सुरक्षारक्षकांच्या वॉकीटॉकीवरची बोलणी ऐकू यायला लागली. युद्धावरचं गाणं आणि मध्येच कोणाचे तरी आदेश. रेकॉर्डिंगमध्ये आजही ते ऐकता येतं. आजचे कारागीर अशा पेडलमध्ये ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेस या दोन पायांमध्ये काही पिकोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर टाकतात. रेडिओची वेगवान कंपनं तिथेच जिरतात आणि गिटारला धक्का लागत नाही.

त्या कार्यक्रमाच्या पाचच दिवस आधी, २६ ऑगस्टला, न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओचं उद्घाटन झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला घड्याळाकडे न बघता, भाड्याची चिंता न करता आवाजावर काम करायची जागा मिळाली होती. उद्घाटन झालं आणि तो लगेच इंग्लंडला निघाला. ६ सप्टेंबरला जर्मनीच्या फेमार्न बेटावर शेवटचा कार्यक्रम झाला. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्या जास्त झाल्यानं तो गेला. लंडनमध्ये उतरला होता तिथपासून चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

स्टुडिओ अजून चालू आहे. फझ फेसही बनतंच आहे, जर्मेनियमचं आणि सिलिकॉनचं, दोन्ही. जिमीला सिअ‍ॅटलजवळ रेन्टनला दफन केलं. तिथल्या दगडावर एक स्ट्रॅटोकास्टर कोरलेली आहे, उजव्या हाताने वाजवणाऱ्याची, सरळ.